दादाला काहीच त्रास नाही, तरी रक्तात बुरशीचा अंश सापडला. मणक्यातलं पाणी तपासायलाच हवं का?

सावली_२

नमस्कार. आजवर इथे फक्त वाचत आले, लिहायची ही पहिलीच वेळ. विषय घरातला आहे आणि बाहेर कुणाशी बोलता येत नाही, म्हणून इथे विचारते.

माझ्या मोठ्या भावाला एचआयव्ही आहे. बरीच वर्षं गोळ्या नीट चालू होत्या, तब्येत छान होती, कामावर जात होता. मग काम सुटलं, घरात कुरबुरी वाढल्या आणि त्यात गोळ्याही सुटल्या. किती काळ सुटल्या ते तो नीट सांगत नाही आणि मीही खोदून विचारत नाही. अलीकडे वजन फार उतरलं, तोंडात पांढरा थर यायला लागला. शेवटी माझ्या आग्रहावरून तो परत उपचार केंद्रात गेला.

तिथे सीडी४ (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी) केला, तो ५८ आला. आम्हाला वाटलं, त्याच दिवशी गोळ्या हातात मिळतील. पण डॉक्टर म्हणाले, सीडी४ शंभराच्या खाली आहे, आधी रक्तात बुरशीची एक तपासणी करू. ती लगेच झाली आणि रिपोर्टवर लिहून आलं : ‘क्रिप्टोकॉकल अँटिजेन पॉझिटिव्ह’. आता ते म्हणतात, मणक्यातलं पाणी काढून तपासायचं आणि त्याचा निकाल येईपर्यंत एचआयव्हीच्या गोळ्या सुरू करायच्या नाहीत.

मला हे कळत नाही. दादाचं डोकं दुखत नाही, ताप नाही, उलट्या नाहीत, नजर ठीक आहे, बोलणं-चालणं नेहमीसारखं आहे. मग थेट मणक्यात सुई कशासाठी? दादा तर सही करायलाच तयार नाही. त्याने ऐकलंय की कमरेत सुई घातली की पाय जातात. आणि सगळीकडे वाचायला मिळतं की एचआयव्हीच्या गोळ्या जितक्या लवकर सुरू होतील तितकं चांगलं. मग इथे थांबायला का सांगतात? आधीच एवढा खंड पडलाय, त्यात अजून उशीर म्हणजे जीव टांगणीला लागलाय.

कुणाला माहिती असेल तर कृपया सांगा.

साधा_माणूस

ताई, काळजी करू नका. माझं मत विचाराल तर डोकं दुखत नसताना मणक्याला हात लावू देऊ नये. बुरशीवर गोळ्या मिळतात, त्या घ्या आणि एचआयव्हीच्या गोळ्याही लगेच सुरू करायला सांगा. माझ्या ओळखीतल्या एकाला निदान झालं त्याच दिवशी गोळ्या दिल्या होत्या, तो आज ठणठणीत आहे. दुसऱ्या एखाद्या डॉक्टरांना दाखवून बघा.

संसर्ग_वॉर्ड

साधा_माणूस, तुमचा हेतू चांगला आहे हे दिसतंय. पण तुम्ही सुचवलेल्या दोन्ही गोष्टी नेमक्या या रुग्णाच्या जिवावर बेतू शकतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी फिजिशियन आहे. माझं बरंचसं काम एचआयव्ही फार पुढे गेलेल्या रुग्णांमध्येच चालतं आणि या बुरशीने झालेला मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाचा संसर्ग, मी वॉर्डात पुष्कळ पाहिला आहे.

सावलीताई, तुमच्या दादाच्या डॉक्टरांनी जे केलं ते अगदी बरोबर केलं. सीडी४ केला, तो कमी दिसल्यावर लगेच अँटिजेन तपासलं आणि ते पॉझिटिव्ह आल्यावर पुढच्या तपासणीचा आग्रह धरला. हे इतक्या नीट क्रमाने सगळीकडे होत नाही. खूप रुग्ण आमच्याकडे येतात ते थेट झटके येत असताना किंवा शुद्ध हरपत असताना.

ही बुरशी, क्रिप्टोकॉकस, मातीत, झाडांच्या सालीवर, पक्ष्यांच्या विशेषतः कबुतरांच्या विष्ठेत असते. तिचे सूक्ष्म कण आपण सगळेच कधी ना कधी श्वासातून घेतो. प्रतिकारशक्ती शाबूत असेल तर शरीर तिला फुप्फुसातच कोंडून ठेवतं, माणसाला पत्ताही लागत नाही. सीडी४ पेशी घटत गेल्या की हा पहारा ढिला पडतो. बुरशी वाढू लागते, रक्तात उतरते आणि तिथून मेंदूच्या आवरणात शिरते. तिच्या अंगावर शर्करेचं एक जाड आवरण असतं. त्या आवरणाचे तुकडे रक्तात सुटत राहतात. तपासणीत सापडतात ते हेच तुकडे, त्यालाच अँटिजेन म्हणायचं.

हे अँटिजेन डोकं दुखायला लागण्याच्या बरंच आधी रक्तात दिसू लागतं. युगांडात साठवून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवर एक अभ्यास झाला होता, त्यात हे अंतर साधारण तीन आठवडे निघालं. काहींमध्ये तर ते काही महिन्यांचं असतं. म्हणजे ‘त्रास नाही, मग तपासणी कशाला’ हा प्रश्नच उलट करून विचारायला हवा. ही तपासणी आहेच मुळी त्रास नसलेल्यांसाठी. डोकं फुटेस्तोवर दुखतंय, मान आखडलीय, दोन-दोन दिसतंय, अशा माणसाला तर सरळ मेनिंजायटिसचा रुग्ण धरून भरती करतात. तुमच्या दादाला त्या आधीच्या काळात गाठलंय आणि हा काळ हातचा घालवायचा नाही.

हा आजार किती मोठा आहे तेही सांगते. २०२० सालचा जागतिक अंदाज असा आहे की एचआयव्ही असलेल्यांमध्ये वर्षाला सुमारे १ लाख ५२ हजार जणांना हा मेनिंजायटिस होतो आणि त्यातले सुमारे १ लाख १२ हजार दगावतात. एड्समुळे होणाऱ्या मृत्यूंमध्ये जवळजवळ पाचातला एक मृत्यू या एका बुरशीचा. सीडी४ शंभराखाली असलेल्या शंभर जणांची तपासणी केली तर साधारण सहा जणांच्या रक्तात हे अँटिजेन सापडतं. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते की सीडी४ १०० च्या खाली असेल तर गोळ्या सुरू करण्याआधी, किंवा खंडानंतर पुन्हा सुरू करण्याआधी, ही तपासणी कराच. १०० ते २०० मध्ये असेल तरी करावी असा त्यांचा सल्ला आहे.

आता मणक्याबद्दल. रक्तात अँटिजेन आहे पण काही त्रास नाही, अशा लोकांच्या मणक्यातलं पाणी जेव्हा तपासलं गेलं, तेव्हा सुमारे एक तृतीयांश लोकांच्या पाण्यातही बुरशी निघाली. डोकेदुखी नसताना! तुमचा दादा त्या एक तृतीयांशांत आहे की उरलेल्यांत, हे त्याच्याकडे बघून कुणीही सांगू शकत नाही, मीही नाही. आणि दोन्हींचे उपचार एकदम वेगळे आहेत. पाण्यात बुरशी नसेल तर फ्लुकोनॅझोलच्या गोळ्यांवर घरी राहून भागतं. पाण्यात असेल तर भरती व्हावं लागतं, शिरेतून अँफोटेरिसिन आणि सोबत फ्लुसायटोसिन द्यावं लागतं. मेनिंजायटिस असताना नुसत्या फ्लुकोनॅझोलवर ठेवलं तर फार लोक दगावतात, कारण ते औषध बुरशीची वाढ रोखतं, तिला झपाट्याने मारत नाही. ‘बुरशीच्या गोळ्या घ्या आणि बघा’ हा सल्ला त्यासाठीच धोक्याचा आहे.

पाय जाण्याची भीती मला रोज ऐकू येते, म्हणून ही सुई नेमकी कुठे जाते ते सांगते. मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या आसपास संपतो. आम्ही सुई घालतो ती त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मधल्या फटीत. तिथे मज्जारज्जू नसतोच. पाण्यात तरंगणारे मज्जातंतूंचे धागे असतात आणि सुई आली की ते बाजूला सरकतात. दादाला कुशीवर झोपवतील, गुडघे पोटाशी आणि हनुवटी छातीशी घ्यायला सांगतील. आधी त्वचा बधीर करण्याचं इंजेक्शन, ते थोडं झोंबतं. मग पाठीत दाब जाणवतो. सुई जागेवर पोचली की तिला एक उभी बारीक नळी जोडतात आणि पाणी त्या नळीत हळूहळू चढत जाऊन एका आकड्याशी थांबतं. तो आकडा म्हणजे डोक्यातला दाब. २५ सेंटीमीटरच्या वर गेला तर दाब वाढलाय असं समजायचं. मग काही थेंब बाटलीत घेतात. नितळ पाण्यासारखं दिसतं ते, बुरशी असली तरी बऱ्याचदा नितळच. नंतर एक-दोन दिवस डोकं किंवा कंबर दुखू शकते. झटके येत असतील, एका बाजूची ताकद गेली असेल किंवा गुंगी असेल तर आधी मेंदूचा स्कॅन करतात. तुम्ही लिहिलंय त्यावरून दादाला यातलं काही नाही.

मग ही भीती आली कुठून? माझ्या मते अशी : ही तपासणी वर्षानुवर्षं शेवटच्या घटकेला आणलेल्या रुग्णांवरच झाली. ते आधीच अत्यवस्थ होते, त्यातले बरेच गेले आणि घरच्यांच्या लक्षात राहिली ती शेवटची सुई. दादाला हे नक्की सांगा.

राहिला गोळ्यांचा उशीर. ‘जितक्या लवकर तितकं चांगलं’ हे खरंच आहे, जवळजवळ सगळ्यांसाठी. हा मेनिंजायटिस मात्र त्याला अपवाद. युगांडा आणि दक्षिण आफ्रिकेत झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. मेनिंजायटिसच्या निम्म्या रुग्णांना एचआयव्हीच्या गोळ्या एक-दोन आठवड्यांत दिल्या, निम्म्यांना सुमारे पाच आठवड्यांनी. लवकर दिलेल्यांपैकी २६ आठवड्यांत ४५ टक्के दगावले, थांबलेल्यांपैकी ३० टक्के. फरक इतका होता की चाचणी मध्येच थांबवावी लागली. गोळ्यांनी प्रतिकारशक्ती जागी होते आणि मेंदूभोवती भरपूर बुरशी असताना ती तुटून पडली तर सूज येते, कवटीच्या आत दाब वाढतो. म्हणून मेनिंजायटिस असेल तर आधी बुरशीचा बंदोबस्त, मग चार ते सहा आठवड्यांनी एचआयव्हीच्या गोळ्या. मेनिंजायटिस नसेल तर इतकं थांबावं लागत नाही. थोडक्यात, तुमच्या दादाला गोळ्या कधी द्यायच्या हेही त्या पाण्यावरच अवलंबून आहे. ते तपासल्याशिवाय डॉक्टर दोन्हीकडून अंधारात राहतील.

तपासणी लवकर उरकून घ्या. उद्यावर टाकू नका.

साधा_माणूस

डॉक्टर, हे मला खरंच ठाऊक नव्हतं. सविस्तर सांगितल्याबद्दल आभार. ताई, माझा सल्ला सोडून द्या.

प्रयोगशाळा_रात्रपाळी

मी या तपासण्या करणारा टेक्निशियन. डॉक्टरांनी सगळं सांगितलंच आहे, फक्त पट्टीबद्दल थोडं, कारण बऱ्याच जणांना वाटतं की एवढ्याशा पट्टीवर काय विसंबायचं.

गरोदरपणाची पट्टी असते तशीच ही दिसते. छोट्या नळीत द्रावणाचा एक थेंब, त्यात ४० मायक्रोलिटर सीरम किंवा प्लाझ्मा (रक्तातल्या पेशी वेगळ्या करून उरणारा द्रव), पट्टीचं पांढरं टोक आत बुडवायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. एक रेघ उमटली तर निगेटिव्ह, दोन उमटल्या तर पॉझिटिव्ह. दुसरी रेघ कितीही फिकट असो, ती पॉझिटिव्हच धरायची. नव्या मुलांना मी हे पुन्हा पुन्हा बजावतो. दिव्याखाली धरून ‘आहे की नाही’ असा खल करत बसायचं नाही, रेघ दिसली म्हणजे आहे. उलट कधी कधी अँटिजेन प्रचंड असेल तेव्हाच रेघ फिकट पडते किंवा उमटतच नाही, मग नमुना पातळ करून परत लावला की ठसठशीत येते. डॉक्टरांना दाट संशय असेल आणि पट्टी निगेटिव्ह आली तर त्यांनी आम्हाला तसं कळवावं, आम्ही पातळ करून बघतो.

सीरमवर ही पट्टी फारच अचूक आहे, चुकण्याचं प्रमाण अगदी नगण्य. फ्रीज लागत नाही, मोठं यंत्र लागत नाही.

मला मनापासून पटलेली पद्धत म्हणजे सीडी४ साठी आलेल्या नमुन्यात जे उरतं त्यावरच ही पट्टी लावणं. सीडी४ शंभराखाली आला की प्रयोगशाळेनेच आपणहून अँटिजेन करायचं, डॉक्टरांनी वेगळं लिहून द्यायची वाट बघायची नाही. दक्षिण आफ्रिकेने २०१६ मध्ये हे देशभर लागू केलं. रुग्णाला दुसऱ्यांदा बोलवायला नको, परत रक्त काढायला नको. नाहीतर होतं काय, सीडी४ चा रिपोर्ट आज येतो, अँटिजेनची चिठ्ठी पुढच्या भेटीत मिळते आणि पुढच्या भेटीला माणूस येतच नाही.

ताई, रिपोर्टवर नुसतं पॉझिटिव्ह लिहिलंय की पुढे १:८०, १:१६० असं काही प्रमाण आहे? ते जितकं मोठं तितकी बुरशी जास्त. १:१६० किंवा त्याहून वर असेल तर मेंदूपर्यंत पोचल्याची शक्यता बरीच वाढते.

पुन्हा_उभा

मला हा मेनिंजायटिस झाला होता. सावलीताई, तुमच्या दादाला माझं एवढंच सांगा.

माझी डोकेदुखी सुरू झाली तेव्हा मी जिथे दाखवलं तिथे अर्धशिशी म्हणून गोळ्या दिल्या. एचआयव्हीचा विषय निघाला नाही, मीही काढला नाही. डोकं सकाळी उठल्यापासून दुखायचं, आडवं पडलं की वाढायचं, खोकलं तरी कवटीच्या आतून धक्का बसायचा. पुढे एकाचे दोन दिसायला लागले. भरती केलं तेव्हाचं मला फारसं आठवत नाही.

पण मणक्यातलं पाणी काढल्यावर काय वाटलं ते पक्कं आठवतं. डोक्यातला दाब खूप वाढलेला होता म्हणून त्यांना ते अनेकदा काढावं लागलं. पाणी निघत असतानाच डोकं हलकं व्हायला लागायचं, नर्सबाईंना मी सांगायचो की आता खोलीतला उजेड सहन होतोय. नंतर नंतर मीच विचारायचो, आज काढणार का? पाय माझे शाबूत आहेत. चालतो, जिने चढतो. एका कानाने मात्र कमी ऐकू येतं, ते आजाराने झालं, सुईने नाही.

दादाला ते लोक डोकं दुखायच्या आधी तपासतायत. मला ही संधी मिळाली असती तर मी कुठेही सही केली असती.

सावली_२

सगळ्यांचे मनापासून आभार. पुन्हा_उभा, तुमचा प्रतिसाद मी दादाला मोठ्याने वाचून दाखवला. तो काही बोलला नाही, पण सकाळी स्वतःहून तयार होऊन बसला होता.

तपासणी झाली. तो म्हणतो, रक्त काढताना शीर सापडत नाही तेव्हा जास्त दुखतं. दाब १४ होता आणि पाण्यात अँटिजेन निगेटिव्ह आलं! रक्तातल्या रिपोर्टवर प्रमाण १:२० असं लिहिलंय.

आता फ्लुकोनॅझोल दिलंय, दिवसाला बऱ्याच गोळ्या आहेत. एचआयव्हीच्या गोळ्यांसाठी दोन आठवड्यांनी बोलावलंय. घरी मात्र एक नातेवाईक म्हणाले, बघा, काही निघालं नाही, उगाच सुई टोचली. त्यांना काय उत्तर द्यावं? आणि या गोळ्या किती दिवस चालतील? छातीचा फोटोही काढलाय, टीबीची शंका आहे म्हणे. त्याचं औषध सुरू झालं तर या गोळ्यांशी काही भांडण नाही ना?

संसर्ग_वॉर्ड

फार बरं वाटलं वाचून.

नातेवाइकांना सांगा की काही निघालं नाही म्हणूनच तो आज घरी आहे. पाणी स्वच्छ आहे हे कळलं म्हणून शिरेतलं औषध टळलं आणि एचआयव्हीच्या गोळ्या महिना-दीड महिना लांबणीवर टाकाव्या लागल्या नाहीत. सुई टोचली नसती तर डॉक्टरांपुढे दोनच वाटा होत्या : उगाच जड औषध देणं किंवा अंदाजाने हलकं औषध देऊन वाट बघणं.

फ्लुकोनॅझोलचा क्रम साधारण असा असतो : पहिले दोन आठवडे दिवसाला ८०० ते १२०० मिलिग्रॅम, मग सुमारे आठ आठवडे थोडा कमी डोस आणि त्यानंतर २०० मिलिग्रॅम बराच काळ. शेवटचा टप्पा एचआयव्हीच्या गोळ्यांनी सीडी४ पुरेसा वर येऊन विषाणू दबेपर्यंत चालतो, तेव्हा महिन्यांची तयारी ठेवा. दादाचा नेमका डोस त्याचे डॉक्टर ठरवतील. मळमळ होऊ शकते. डोळे पिवळे दिसले तर लगेच दाखवा, यकृतावर परिणाम होऊ शकतो.

टीबीचा प्रश्न फार महत्त्वाचा विचारलात. टीबीच्या रिफाम्पिसिन या औषधामुळे रक्तातलं फ्लुकोनॅझोल कमी होतं, त्यामुळे डोस वाढवावा लागू शकतो. एचआयव्हीच्या काही औषधांचे डोसही रिफाम्पिसिनसोबत बदलतात. म्हणून जिथे टीबीचं औषध सुरू होईल तिथे फ्लुकोनॅझोलची चिठ्ठी दाखवायची आणि एचआयव्हीच्या डॉक्टरांना टीबीची. दोन्हीकडे सांगितलंय असं गृहीत धरू नका, कागद हातात ठेवा. इतक्या कमी सीडी४ ला लघवीतून टीबीची एक पट्टी-तपासणीही होते, ती झाली का विचारा. को-ट्रायमोक्साझोल (इतर संसर्ग टाळणारं औषध) दिलं असेल तर ते चुकवू नका. तोंडातला पांढरा थर वेगळ्या बुरशीचा आहे, कँडिडाचा. तो फ्लुकोनॅझोलने जाईलच. गिळताना दुखत असेल तर मात्र सांगा, मग ती अन्ननलिकेत उतरलेली असते.

आता तुमच्यासाठी. एचआयव्हीच्या गोळ्या सुरू झाल्यावरचे पहिले दोन-तीन महिने डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. नवी डोकेदुखी, ताप, उलट्या, मान आखडणं, दोन दिसणं, बोलण्यात असंबद्धपणा, यातलं एकही दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता न्या, आणि ‘रक्तात क्रिप्टोकॉकल अँटिजेन पॉझिटिव्ह होतं’ हे वाक्य पहिल्यांदा सांगा. पुन्हा_उभा यांना अर्धशिशीच्या गोळ्या मिळाल्या, तशी वेळ दादावर यायला नको.

आणि त्याच्याकडे जात राहा. टांझानिया आणि झांबियात जवळजवळ दोन हजार रुग्णांवर एक चाचणी झाली, २०१५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्यात ही अँटिजेन तपासणी होती आणि सोबत गोळ्या सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे प्रशिक्षित स्वयंसेवक दर आठवड्याला घरी जाऊन विचारपूस करत. डॉक्टर नव्हेत, साधी प्रशिक्षित माणसं. या दोन्हींमुळे मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाले. तुम्ही दादासाठी तेच काम करताय.

चौकस

डॉक्टर, एक शंका. बुरशी अनेक प्रकारच्या असतात, मग एकाच बुरशीची तपासणी का? आणि पत्नी गरोदर असेल, तिचंही अँटिजेन पॉझिटिव्ह आलं तर याच गोळ्या चालतात का?

संसर्ग_वॉर्ड

गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, फ्लुकोनॅझोलचे मोठे डोस बाळाला अपाय करू शकतात. अशा वेळी मणक्यातल्या पाण्याची तपासणी तर हवीच, आणि पुढचा निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञ व संसर्गाचे डॉक्टर मिळून घेतात. परस्पर गोळ्या सुरूही करायच्या नाहीत आणि बंदही करायच्या नाहीत.

इतर बुरशींचं म्हणाल तर त्रास नसलेल्या सगळ्या रुग्णांची तपासणी तेव्हाच करतात जेव्हा आजार जीवघेणा असतो, लक्षणांच्या आधी पकडता येतो आणि पकडल्यावर देण्याजोगं औषध असतं. क्रिप्टोकॉकसमध्ये हे तिन्ही जुळतं. न्यूमोसिस्टिस या बुरशीच्या न्यूमोनियासाठी आपण तपासत बसत नाही, को-ट्रायमोक्साझोल देऊन तो टाळतोच. हिस्टोप्लाझ्मासाठी लघवीतलं अँटिजेन तपासता येतं आणि अमेरिका खंडांत ते फार मोलाचं आहे, कारण तो आजार हुबेहूब टीबीसारखा दिसतो. टॅलारोमायसिस हा आग्नेय आशिया, दक्षिण चीन आणि ईशान्य भारतातला. त्यात चेहऱ्यावर मधोमध खळगा असलेल्या पुळ्या येतात. त्या भागात राहून आलेल्या माणसाला ताप आणि अशा पुळ्या असतील तर तो विचार झालाच पाहिजे. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बुरशींची पहिली प्राधान्य यादी काढली, त्यात सर्वांत वरच्या गटात क्रिप्टोकॉकस निओफॉर्मान्स आहे.

पण मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. पट्टी आहे, औषध आहे, पण सीडी४ च केला जात नाही. २०१५ पासून सीडी४ कितीही असला तरी सर्वांना उपचार द्यायचे असं ठरलं, जे योग्यच होतं. पुढे लक्ष ठेवायला व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) आला आणि हळूहळू बऱ्याच ठिकाणी सीडी४ मागे पडला. व्हायरल लोड सांगतो की औषध काम करतंय का. माणूस किती धोक्यात आहे ते सीडी४ सांगतो. नुसतं बघून हे ओळखता येत नाही. केनिया, मलावी, युगांडा आणि झिम्बाब्वेतल्या एका मोठ्या चाचणीत सीडी४ शंभराखाली असलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्या लोकांना काहीच लक्षणं नव्हती किंवा अगदी किरकोळ होती. ही माणसं ओपीडीत चालत येतात, गोळ्या घेऊन जातात आणि कुणी सीडी४ केला नाही तर पुढच्या वेळी त्यांना स्ट्रेचरवरून आणतात.

नव्या रुग्णांचा सीडी४ निदान काही ठिकाणी तरी होतो. सावलीताईंच्या दादासारखे, खंड पडून परत आलेले, हे सगळ्यात जास्त सुटतात. त्यांना वाटतं जुनीच फाइल आहे, जुन्याच गोळ्या घेऊ. केंद्रालाही तसंच वाटतं. कुणाच्या घरात असं कुणी असेल तर परत जाताना हक्काने म्हणा : आधी सीडी४ करा, आणि दोनशेच्या खाली आला तर क्रिप्टोकॉकल अँटिजेन करा. यात रागवण्यासारखं काही नाही, आणि गोळ्या का सुटल्या याचा जाब तर मुळीच द्यावा लागू नये.

सावली_२

टीबीची लघवीतली तपासणी निगेटिव्ह आली, थुंकीचा रिपोर्ट यायचाय. दादाची मळमळ आहे पण गोळ्या चुकवत नाही. एक शेवटचं विचारते. तीन महिन्यांनी ती बुरशीची पट्टी परत करून बघू का, गेली की नाही ते कळेल?

प्रयोगशाळा_रात्रपाळी

नका करू ताई. आमच्याकडे असे नमुने येतात आणि पॉझिटिव्ह बघून घरचे घाबरतात.

संसर्ग_वॉर्ड

बरोबर सांगितलंय त्यांनी. बुरशी मेल्यावरही तिच्या आवरणाचे तुकडे रक्तात महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं राहतात. पट्टी पॉझिटिव्ह आली तरी औषध लागू पडलं नाही असा त्याचा अर्थ होत नाही. दादाची डोकेदुखी-ताप विचारत राहा, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा व्हायरल लोड आणि सीडी४ करा. फ्लुकोनॅझोल कधी थांबवायचं ते त्या दोन आकड्यांवरून ठरेल. थुंकीचा रिपोर्ट आला की इथे कळवा. टीबी निघाला तर औषधांच्या डोसाबद्दल तिथल्या डॉक्टरांना काय विचारायचं ते लिहून देते.